किरकोळ

वर्ष संपत आलं की एखाद्या दुपारी आमच्या घरात हिशेबाची वही बाहेर निघते. जेवणं उरकलेली असतात, नवरा डुलकीच्या तयारीत असतो आणि मी रकान्यांच्या बेरजा मारत बसते. किराणा, वीज, फोन, औषधं, मुलीचं शिक्षण, विमा. आमचं उत्पन्न वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतं, त्यात आकाशातून काही पडणार नसतं. त्यामुळे या बेरजांत नाट्य असं काही नाही. यंदा मात्र एका रकान्यापाशी मी पेन खाली ठेवलं. शिक्षण पहिलं, किराणा दुसरा आणि तिसऱ्या नंबरावर ‘किरकोळ’. विजेच्या वर, औषधांच्या वर, विम्याच्याही वर.

“किरकोळ म्हणजे काय काय?” नवऱ्याने डोळे मिटूनच विचारलं.

“ते माहीत असतं तर किरकोळ कशाला लिहिलं असतं?”

या उत्तराने त्याचं समाधान झालं असावं, कारण तो घोरायला लागला. माझं झालं नाही. आठवून आठवून काय, तर नळाचा वॉशर, किल्लीची नक्कल, चपलेचा अंगठा, कुणाच्या तरी निवृत्तीच्या भेटीसाठी काढलेली वर्गणी, वाचनालयाचा दंड. एवढ्यावर तिसरा नंबर कसा येईल? बाकीचं कुठे गेलं ते त्या वहीलाही माहीत नाही.

आईच्या वहीत किरकोळ नव्हतं. मुळात ती वही विकतची नव्हती. परीक्षा संपल्या की आमच्या वह्यांमधली कोरी पानं ती उसवून काढायची, दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवायची आणि वरून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावायची. त्यामुळे तिच्या हिशेबात चार रेघी, दुरेघी, चौकटीची अशी सगळी पानं एकापाठोपाठ यायची. चौकटीची पानं ती ज्या महिन्यात शाळेची फी असेल त्या महिन्यासाठी राखून ठेवायची; आकडे एकाखाली एक नीट बसतात म्हणायची. पेन्सिल इतकी झिजलेली असे की बोटांत धरता येऊ नये. मग तिच्या शेपटाला मोडक्या पेनचं टोपण खोचलेलं. त्या टोपणासकट ती पेन्सिल अजून महिनाभर चाले.

रात्री सगळं आवरलं की ती लिहायला बसे. टाचण्या घेतल्या तर ‘टाचण्या’. पोस्टाचं तिकीट घेतलं तर ‘तिकीट’, आणि पुढे कंसात कुणाला पत्र धाडलं त्याचं नाव. पै न पै जुळली पाहिजे. आणि नाही जुळली, तर जेवढा फरक असेल तेवढ्या रकमेपुढे ती ‘आठवेना’ असं लिहायची. ही नोंद तिला चैन पडू देत नसे. एकदा धुणं धुताना मध्येच उठून, कोपरापर्यंत साबणाचा फेस घेऊन ती खोलीत आली, ओल्या हाताने पेन्सिल उचलली, ‘आठवेना’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं: ‘गुंड्या’. त्या पानावर फेसाचा वाळका डाग कायमचा राहिला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता, तो मला आजवर कुठल्याही बचतीतून मिळालेला नाही.

मी तिची मुलगी आहे हे फक्त टूथपेस्टच्या बाबतीत सिद्ध होतं. नळी संपली की मी ती कात्रीने मधोमध कापते. आत भिंतींना चिकटलेली पेस्ट आठवडाभर पुरते, आणि एका अर्ध्या नळीत दुसरी अर्धी खोचली की ती वाळतही नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते नवऱ्याच्या मते माझ्यासारख्यांसाठीच आहे. मला ठाऊक आहे, यातून वर्षाकाठी काही उरत नाही. पण न कापता नळी फेकली तर दिवसभर घरात कुणीतरी रागावून बसलंय असं वाटत राहतं.

दिव्यांचंही तसंच. बाबा रिकाम्या खोलीतला दिवा बघून जे बोलायचे ते आता शब्द न बदलता माझ्या घशातून निघतं. त्यांच्या काळी ते शोभत होतं. 60 वॅटचा पिवळा दिवा सोळा-सतरा तासांत एक युनिट खायचा. आता 9 वॅटच्या एलईडीला तेवढं खायला शंभरहून जास्त तास जळावं लागतं. इकडे 2000 वॅटचा गीझर अर्ध्या तासात तेच काम करून मोकळा होतो. तरी लेकीला बोलणी बसतात ती दिव्यावरून. गीझर चालू राहिला तर “अगं, बंद कर गं” एवढंच. डोळ्यांना दिसतो तो खर्च मोठा वाटतो, दुसरं काय.

महिन्याचा हिशेब आणि वर्षाचा हिशेब यांतलं भांडण मात्र आईने मला फार लवकर दाखवलं. आठवड्याचा खर्च गुणिले चार म्हणजे महिना, असं सगळेच धरतात. असे बारा महिने मिळून 48 आठवडे होतात. वर्षात असतात 52, शिवाय वर एक दिवस. “मधले चार आठवडे हवा खायची का?” असं ती बाबांना विचारायची. विम्याचा हप्ता दर वर्षी त्याच तारखेला येतो, फी त्याच महिन्यात येते, आणि तरीही दर वर्षी लोकांच्या तोंडी ‘अचानक’ हाच शब्द. आई त्या रकमांना बाराने भागायची आणि तेवढे पैसे दरमहा वेगवेगळ्या डब्यांत टाकायची. डब्यांवर चिकटपट्ट्या: शाळा, विमा, आजारपण, पाहुणे. ओढाताण व्हायचीच. मग एका डब्यातून दुसऱ्यात पैसे जायचे, पण चिठ्ठीशिवाय नाही. विम्याच्या डब्यात मी स्वतः वाचलेली चिठ्ठी: ‘शाळेकडून येणे.’ शाळेने विम्याचं कर्ज फेडलं की चिठ्ठी फाटायची.

पुढे कळलं की रिचर्ड थेलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने पैशांच्या अशा मनातल्या डब्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि 2017 साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पैशाला पैसा सारखाच, त्याला डबे पाडणं तर्काला धरून नाही, तरी माणसं पाडतात, असं ते सगळं प्रकरण. खरंच आहे. पण आईच्या हाताशी एकच मोठा डबा असता तर पाहुण्यांनी आजारपण कधीच खाऊन टाकलं असतं.

जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या बाई होत्या, तिथल्या अगदी पहिल्या स्त्री-पत्रकारांपैकी. त्यांनी 1904 साली बायकांसाठी घरखर्चाची वही छापली. ‘काकेइबो’ या नावाने तसल्या वह्या आजही निघतात. कुठल्या खात्यावर किती खर्चायचं ते त्यात आधी ठरवायचं, मग खर्चायचं, मग लिहायचं. आमच्याकडे क्रम उलटा: आधी खर्चायचं आणि मग वहीत कबुलीजबाब द्यायचा. त्याला बजेट म्हणणं धाडसाचं आहे.

त्याच्याही आधी, 1857 मध्ये, एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे घरखर्चाचे आकडे तपासले. घर जितकं गरीब, तितका खाण्यावर जाणारा वाटा मोठा, हा त्याने काढलेला निष्कर्ष अजून टिकून आहे. परक्यांच्या घरातले रकाने वाचत बसलेल्या या गृहस्थाबद्दल मला फार आपुलकी वाटते. आईच्या वहीत किराण्याचा रकाना निम्म्याहून अधिक जागा अडवून बसलेला असे. माझ्या वहीत तो दुसऱ्या नंबरावर उतरलाय, म्हणजे एंगेलसाहेबांच्या हिशेबाने आम्ही वर चढलो. कुठवर चढलो? तर किरकोळीपर्यंत. कशावर गेले ते न आठवण्याइतके पैसे हाती येणं, हीच आमची प्रगती. आईला विसरणं परवडत नव्हतं.

इथे नवरा जागा झाला आणि चहाचं विचारून गेला. मी ‘हो’ म्हटलं, पण डोकं दुसरीकडेच होतं.

2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. तमिळनाडूतले ऊस-शेतकरी. त्यांच्या हातात पैसा येतो तो बहुतेक वर्षातून एकदाच, तोडणीनंतर. अभ्यासकांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधीच्या ओढगस्तीत आणि तोडणीनंतर हात मोकळा असताना तशीच कोडी घातली. आधी त्यांना ती कमी जमली, नंतर बरी जमली. माणूस तोच, बुद्धी तीच. पैशाच्या विवंचनेने डोक्यातली जागा अडवून ठेवलेली.

महिनाअखेरीस आईचं हमखास व्हायचं ते हेच. हातात पेन्सिल, समोर साधी बेरीज, आणि ती त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसलेली. तेव्हा कुणी काही विचारलं की खेकसायची. “हिचं गणित कच्चं आहे,” असं बाबा गमतीने म्हणायचे आणि आम्ही हसायचो. सातवीतली माझी गणितं तीच सोडवून द्यायची, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

त्या संध्याकाळी मी तिला फोन करून हा शोध सविस्तर सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“यात शोध कसला? कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “बरं, मग आता त्यांना उसाचे पैसे दरमहा मिळायला लागले का?”

“अगं, तो अभ्यास होता. त्यात फक्त कोडी घातली होती.”

“हो का,” आई म्हणाली. “मग दोन्ही वेळेला कोडीच घातली म्हणायची.”