तीन ओळींचा मसावि

प्रोग्रॅम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. एखादा छोटा, नेटका प्रोग्रॅम वाचताना मला जो आनंद होतो, तो चांगली कविता वाचल्याच्या आनंदापेक्षा जराही कमी नसतो. ही नजर मला चाळीसगावच्या आपल्या शाळेने दिली, तीही शाळेत एकसुद्धा संगणक नसताना. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ते ऋण इथे लिहून ठेवतो.

गणिताच्या सरांनी एकदा फळ्यावर ३९१ आणि २९९ या संख्या लिहिल्या आणि मसावि काढायला सांगितला. आम्ही मूळ अवयव पाडायला बसलो. दोन, तीन, पाच, सात, अकरा, कशानेच भाग जाईना. मग सरांनी मोठ्या संख्येला छोटीने भागलं, बाकी ९२. २९९ ला ९२ ने भागलं, बाकी २३. ९२ ला २३ ने भागलं, बाकी शून्य. "झाला मसावि, तेवीस." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हाई तं सोपं शे ना भो!" सर रागावले नाहीत. "सोपं का आहे ते सांग," म्हणाले आणि उरलेला तास त्या 'का'साठी दिला. जी संख्या दोघींनाही भागते ती त्यांच्या बाकीलाही भागतेच. मग मोठीला रजा द्यायची, छोटी आणि बाकी एवढीच जोडी हाती ठेवायची. बाकी दर खेपेला लहान होत जाते, म्हणजे कधीतरी ती शून्यावर येणारच. युक्लिडने ही रीत इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली, हेही सरांनीच सांगितलं.

पुढे जळगावला इंजिनिअरिंग करताना हीच रीत सी भाषेत लिहिली. दुसरी संख्या शून्य असेल तर पहिली हेच उत्तर. नाहीतर दुसरी संख्या आणि बाकी घेऊन पुन्हा हेच. प्रोग्रॅम एवढाच. वर्गातल्या बऱ्याच जणांनी सुरुवातीला 'मोठी संख्या कोणती ते तपासा, गरज पडली तर अदलाबदल करा' अशा ओळी घातल्या होत्या. त्या लागतच नाहीत. छोटी संख्या आधी दिली, तर २९९ ला ३९१ ने भागून बाकी २९९ च उरते आणि पुढच्या फेरीत ३९१ आणि २९९ अशी सरळ जोडी समोर येते! उलट्या संख्या पहिल्याच फेरीत आपोआप सुलट होतात. त्यासाठी कोणी काही केलेलं नसतं, ते त्या रीतीच्या अंगातच असतं. वेगळी वागणूक मागणारी परिस्थिती मूळ नियमातच विरघळून जाते, ते मला सुंदर वाटतं. आणि ही रीत वेगवानही आहे. छोट्या संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत, हे गॅब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ साली सिद्ध केलं.

शाळेची सहल पाटणादेवीला जायची. तिथल्या पाटण गावच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'तला कुट्टक, म्हणजे काही समीकरणांची पूर्णांकातली उत्तरं काढायची रीत, याच परस्पर भागाकारावर उभा आहे, आणि तोही पद्यात, पाठ करता यावा म्हणून. आपल्या तालुक्यात शतकानुशतकांपूर्वी मुलं ही रीत घोकत असतील, या विचाराने माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आणखी एक आवडता तुकडा सांगतो. संख्या दोनाचा घात आहे का, हे पाहायला ती संख्या आणि तिच्याहून एकाने लहान संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, एकाखाली एक ठेवायच्या. १६ म्हणजे १००००, १५ म्हणजे ०११११. दोन्हीकडे एक असलेली जागा एकही नाही, म्हणजे उत्तर होय. १२ आणि ११ घेतले (११०० आणि १०११) तर डावीकडची जागा जुळते, म्हणजे नाही. शून्य मात्र वेगळं तपासावं लागतं, म्हणून माझ्या लेखी मसाविचा मान वरचा.

ओळी कमी म्हणजे सौंदर्य, असं मी मानत नाही. चार गोष्टी एका ओळीत कोंबून, सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही उलगडणार नाही असं करून ठेवणारे मी पाहिले आहेत. ते कौशल्य असेल, पण वाचणाऱ्याचा त्यात विचार नसतो. सरांच्या फळ्यावरच्या तीन ओळी मागच्या बाकावरच्या मुलालाही कळल्या होत्या.

आता शाळेत संगणक कक्ष आहे. तिथे पहिल्या दिवशी मुलांच्या हाती माऊस देण्याआधी कागदावर हा मसावि करून घ्यावा, संख्या उलट्या देऊन काय होतं ते त्यांचं त्यांना शोधू द्यावं, अशी माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी गावीच असतो. आठवी-नववीच्या मुलांचे दोन तास मिळाले तर शिकवायला आनंदाने येईन, तसं मुख्याध्यापकांना कळवलंही आहे.