किट निगेटिव्ह, कुत्री गाभण

सांगलीतील माझ्या दवाखान्यात एका संध्याकाळी जेमतेम वर्षाची लॅब्राडॉर कुत्री घेऊन आई, मुलगा आणि आजी असे तिघे आले. तक्रार जंतांची होती. मागे काही दिवस तिने खाणे टाकले होते आणि आता पोट सुटल्यासारखे दिसत होते. गाभण असण्याची शंका मुलाला आली होती, परंतु मेडिकलमधून आणलेल्या माणसांच्या किटवर तिची लघवी तपासून त्याने ती स्वतःच निकालात काढली होती. ते किट मानवी वारेतून स्रवणारे संप्रेरक ओळखते, कुत्रीत ते तयारच होत नाही, त्यामुळे पोटात आठ पिल्ले असली तरी उत्तर नकारार्थीच येणार, हे मी त्याला सांगितले.

माजाची चौकशी केली तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. रक्त जात होते तोवर त्यांनी तिला घरात बांधून ठेवले आणि नवव्या-दहाव्या दिवशी स्राव फिकट होताच माज संपला असे समजून अंगणात सोडले. वास्तविक कुत्री नराला जवळ येऊ देते ती साधारण याच सुमारास. आजी चाचरत म्हणाल्या, "भिंतीवरून एक गावठी आला होता. दोघं अडकलेली पाहून मी बादलीभर पाणी ओतलं." त्या गोष्टीला सुमारे पाच आठवडे झाले होते.

स्तनाग्रे गुलाबी आणि ठळक झाली होती. मात्र खोट्या गाभणपणातही ती तशीच होतात, म्हणून मी त्यावर विसंबलो नाही. पोट हलक्या हाताने चाचपल्यावर लिंबाएवढ्या गाठी लागल्या. गर्भाशयात पू झाला असल्यासही पोट फुगते, तेव्हा सोनोग्राफी आवश्यकच होती. पडद्यावर काळ्या गोल पिशव्या दिसल्या आणि प्रत्येकीत हृदयाची बारीक फडफड चालू होती. किती पिल्ले, असे मुलाने विचारले. सोनोग्राफीवरून नेमका आकडा सांगता येत नाही, त्यासाठी पंचावन्न दिवसांनंतर, सांगाडे स्पष्ट दिसू लागल्यावर, एक्स-रे काढावा लागतो.

"पाडायचं एखादं इंजेक्शन द्या ना," आई म्हणाल्या. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनाने गर्भाशयात पू होऊ शकतो आणि अस्थिमज्जा रक्त तयार करणेच थांबवू शकते, म्हणून मी ते देत नाही. पिल्ले होऊ द्यायची किंवा शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढायचे, हे दोनच मार्ग मी त्यांच्यापुढे ठेवले. तिची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे माझा कल शस्त्रक्रियेकडे होता, तरी आजींसमोर ते बोलणे जड गेले. पण निर्णय त्यांनीच दिला: "पोत्यात भरून ओढ्याकाठी टाकलेली पिल्लं मी पाहिली आहेत. नकोत."

रक्ततपासणी ठीक आल्यावर त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केली आणि ती सुरळीत पार पडली. टाके काढायला आले तेव्हा तिला दूध उतरले होते आणि ती मुलाची एक चप्पल पोटाशी घेऊन बसत होती. गर्भाशयासोबत अंडाशये काढल्याने गाभणपण टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम घसरते व त्यातून असे घडते. दूध पिळू नका, पिळल्याने ते आणखी येते, चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर अजून काही दिवस राहू द्या आणि चप्पल हळूच उचलून ठेवा, एवढे सांगून मी त्यांना घरी पाठवले.