सापडावं म्हणून लपवलेलं

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेली डबी शोधण्याचा खेळ. त्यात शोधणाऱ्यांचं कौतुक फार. मला लपवणारे जास्त आवडतात. आडवाटेला जाऊन एक डबी ठेवायची, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि घरी येऊन बसायचं. ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू उचलली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. लपवणाऱ्याच्या पदरात काय, तर त्या वहीतली अनोळखी नावं!

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सर्वसामान्यांचं जीपीएस रातोरात नेमकं झालं. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर याने ओरेगनमध्ये रानात एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, गलोल आणि चक्क बीन्सचा एक डबा होता. आता खाण्याच्या वस्तूंना बंदी आहे, वासावर जनावरं येतात म्हणून. म्हणजे आमच्या कोकणातल्या काजूगरांचा प्रश्न मिटला.

लपवणाऱ्यांची डोकी अचाट चालतात. कुणी बोटाच्या पेराएवढी चुंबकाची डबी बोल्टसारखी रंगवून लोखंडी कठड्याला चिकटवतो. माझी लाडकी तऱ्हा मात्र नळीची. उभ्या नळीच्या तळाशी डबी, हात पोचत नाही, नळी वाकडी करायची सोय नाही. पाणी ओतलं की डबी तरंगत वर येते. काही वस्ताद नळीला खाली भोकं पाडून ठेवतात. मग एकाने ती बोटांनी दाबून धरायची, दुसऱ्याने भराभर ओतायचं, आणि दोघांनीही भिजायचं. हे देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ठेवलं तर मृगाच्या पावसात कोडं आपलं आपणच सुटेल आणि डबी वहाळातून थेट खाडीला लागेल.

लपवायला आमच्या कुंपणाच्या गडग्यासारखी जागा नाही. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही, जिकडेतिकडे फटी. एखादा चिरा मागून पोखरून डबी बसवली तर मालकालाही कळायचं नाही. पण त्याच फटीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. म्हणून इथे लपवणाऱ्याने डबी छातीच्या उंचीवर, आत डोकावता येईल अशी ठेवावी. फट खोल आणि खाली, असं जो ठेवील त्याला मी तरी हुशार म्हणणार नाही.

जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, असाही नियम आहे. तो करणाऱ्याने कोकणातला सातबारा पाहिलेला नसणार. पणजोबांपासूनची नावं, निम्मे भाऊबंद मुंबईत, उरलेल्यांचं आपसात बोलणं बंद. एका डबीसाठी सगळ्यांना एकत्र आणलं, तर लगे हाथ वाटणीही होऊन जाईल. खणून पुरायला मनाई आहे ते मात्र बरं. परक्या माणसाने इथे वीतभर जमीन उकरली, तर सकाळपर्यंत गुप्तधनाची बातमी वाडीभर.

आणि शोधायचं म्हणे कुणाच्या नजरेत न येता! फोन हातात धरून गडग्याशी वाकलेला माणूस दिसला की पडवीतून हाक येणारच, "कोणाचो रे तू? काय शोधतस?" अशा वेळी खरं सांगून टाकावं. काकीला जागा ठाऊक असते. ठेवायला आलेल्यालाही तिनेच चहा पाजलेला असतो.