झमुंडाच्या युवराजाचं स्थळ

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. कूलरमध्ये पाणी भरलं आणि आईसोबत १९८८चा 'कमिंग टू अमेरिका' हा सिनेमा लावला. त्यात एडी मर्फीचा अकीम म्हणजे झमुंडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा युवराज. होला हो करणारी बायको नको, म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये येऊन बर्गरच्या हॉटेलात फरशी पुसतो.

"पोरगा कामाचा आहे," आईचा शेरा.

मला मात्र न्हाव्याच्या दुकानातली वादावादीच जास्त आवडते. तिथला गोरा म्हातारा सॉल म्हणजेही मर्फीच! रिक बेकरचा मेकअप असा, की आईला पटेचना. सीन मागे नेऊन नुसते डोळे दाखवले, तेव्हा कुठे मानली. आणि अकीमला आवडलेल्या पोरीचा बाप? जावई राजपुत्र आहे कळताच काय लगबग त्याची!

"हा तर आपल्या नागपूरच्या महाल भागातलाच दिसते बाप्पा!" आई म्हणाली.