ताप आणि पुरळ किंवा उलट्या

औषधचाचण्यांची संमतीपत्रं मी इंग्रजीतून मराठीत आणते. चाचणीत भाग घेणाऱ्याला हे कागद त्याला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजेत, असं २०१९ चे नियम सांगतात. त्यावरच माझं घर चालतं. या कामातली एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. माझं मराठी दुसरा भाषांतरकार मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत आणतो आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून बघतात. जुळलं की पास.

त्या दिवशी सतराव्या पानावर हे वाक्य आलं: 'इफ यू डेव्हलप फीव्हर अँड रॅश ऑर व्हॉमिटिंग, स्टॉप द मेडिसिन.'

आता हे कसं वाचायचं? ताप हवाच, आणि त्याच्या जोडीला पुरळ किंवा उलट्या? की ताप-पुरळ एकत्र, नाहीतर नुसत्या उलट्या? ज्या बाईला फक्त उलट्या होतायत तिने पहिल्या अर्थाने गोळी चालू ठेवायची, दुसऱ्या अर्थाने बंद करायची. बोलताना माणूस कुठेतरी श्वास घेतो, त्यावरून कळतं. कागद श्वास घेत नाही.

'यू मे नॉट रिसीव्ह' असलं काही आलं की मराठी स्वतःच अडवते: 'मिळणार नाही' की 'कदाचित मिळणार नाही', ठरव बाई. इथे मात्र 'ताप आणि पुरळ किंवा उलट्या' लिहून मोकळं होता येतं. गोंधळ अख्खाच्या अख्खा मराठीत उतरतो, तिथून परत इंग्रजीत जातो आणि ताळा तंतोतंत जुळतो. या पद्धतीवर माझा राग आहे तो इथे.

शंकांच्या तक्त्यात मी विचारलं, "अ की ब?" उत्तर आलं, "यस." पुन्हा विचारलं, तर "प्लीज फॉलो सोर्स."

समन्वयक मुलीला फोन केला. मुलगी हुशार आहे, पण तिच्या डोक्यावर सात भाषा. "ताई, बाकी सहा भाषांत कुणालाच अडलं नाही, तुम्हालाच कसं?" मी तिला अमेरिकेतल्या ओकहर्स्ट डेअरीची गोष्ट सांगितली. मेन राज्याच्या ओव्हरटाइम कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही त्यांच्या यादीत, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता, आणि डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम की पॅकिंगचाच भाग, यावर २०१७ मध्ये अपील कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ताई, आज सहापर्यंत फाइल द्याल ना?"

दिली. त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून दुसरा अर्थ धरला: 'नुसत्या उलट्या झाल्या, किंवा ताप येऊन अंगावर पुरळही उठलं, तर.' तिसऱ्या दिवशी लाल शेरा आला: मेजर एरर, मूळ अर्थामध्ये भर घातली. आणि त्या शेऱ्यामुळेच, शंकेमुळे नव्हे, शेवटी चाचणीचे डॉक्टर फोनवर आले.

त्यांनी वाक्य मोठ्याने वाचलं. क्षणभर गप्प. "अहो, तिन्हींतलं काहीही एक झालं तरी थांबवायचं. सरळ आहे की!"

म्हणजे मी ज्याला सुरक्षित समजत होते त्यात नुसतं पुरळ उठलेला माणूस गोळ्या घेत राहिला असता. दोन अर्थांवर मी दोन दिवस डोकं फोडलं आणि डॉक्टरांच्या मनातला तिसरा मला दिसलाच नाही. त्यांना तर पहिले दोन कधी दिसलेच नव्हते.

मराठीत आता 'ताप, पुरळ, उलट्या यांपैकी काहीही एक झालं तरी' असं आहे. इंग्रजी तसंच राहिलं. ते बदलायचं तर पुन्हा एथिक्स कमिटीकडे जावं लागतं, म्हणून 'पुढच्या आवृत्तीत बघू'. माझ्या नावावरची मेजर एररही तशीच आहे.

बाकीच्या सहा भाषांचं काय, असं मी त्या मुलीला विचारलं.

"त्यांच्याकडून क्वेरी नव्हती ना आली, ताई."