गेम रेकॉर्डिंग अपडेट: १६५० वाला लॅपटॉप, विचर ३ अन् लॅग नेमका येतो कुठून

तर सध्याची स्थिती अशी की विचर ३ हा गेम मीडियम-हाय मिक्सवर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) ला लॉक आहे, ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) १०८०पी ६० ला रेकॉर्ड करतंय, आणि नोव्हिग्राडच्या बाजारातून घोडा पळवला तरी व्हिडिओत झटका क्वचितच दिसतो. मशीन तेच जुनं, जीटीएक्स १६५० वाला लॅपटॉप, आय५ ९३००एच, १६ जीबी रॅम. एक रुपया खर्च केलेला नाही हे आधीच सांगून ठेवतो.

रेकॉर्डिंग अडखळतं म्हटलं की सगळे म्हणतात एनव्हेंक (एनव्हिडिया कार्डातला एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) लाव, विषय संपला. अर्धंच खरंय ते. एनव्हेंक हा जीपीयूमधला (ग्राफिक्स चिपमधला) वेगळा ब्लॉक आहे, २०१२ च्या केप्लर कार्डांपासून आलाय, गेम ज्या कोअर्सवर चालतो त्यांना तो हातही लावत नाही. पण फ्रेम त्या ब्लॉकपर्यंत पोचायच्या आधी ओबीएस स्वतःचा सीन रेंडर करतं ना, गेमचं चित्र घ्या, त्यावर ओव्हरले टाका, कलर फॉरमॅट बदला, हे सगळं त्याच जीपीयूवर जिथे गेम आधीच ९९% खाऊन बसलाय. मग ओबीएसला वेळेवर नंबरच लागत नाही अन् फ्रेम सुटतात. गंमत म्हणजे गेम खेळताना स्मूद वाटतो आणि रेकॉर्डिंग बघितलं की अडखळतं, म्हणून लोक बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहायचा तो आकडा) कमी करत बसतात ज्याचा इथे काही संबंधच नाही.

ओबीएसमध्ये स्टॅट्सची विंडो उघडून ठेवा, त्यात दोन ओळी कामाच्या. रेंडरिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर जीपीयूला श्वास घ्यायला जागा नाही, एन्कोडिंग लॅगमुळे सुटत असतील तर एन्कोडर मागे पडतोय. माझ्याकडे जवळपास सगळा पहिलाच प्रकार होता.

त्यामुळे खरा उपाय एफपीएस कॅप, म्हणजे गेमच्या फ्रेमना वरची मर्यादा. पण नुसतं ६० ला कॅप करून भागत नाही, हे महत्त्वाचं, कारण गेम जेमतेम ६० गाठत असेल तर कॅप असून नसल्यासारखा, जीपीयू तरी फुल्लच. आधी सेटिंग इतकं उतरवा की कॅप न लावता ७०-७५ मिळतील, मग ६० ला बांधा. हेअरवर्क्स बंद केलं (केसांसाठी एवढे फ्रेम कोण देतं), सावल्या मीडियम, झाडझुडपांचं अंतर एक पायरी खाली, टेक्श्चर मात्र हायच ठेवलं कारण ४ जीबी व्हीरॅममध्ये (जीपीयूच्या स्वतःच्या मेमरीत) बसतं. आता जीपीयू ८०-८५% वर राहतो आणि उरलेल्यात ओबीएस आरामात. कॅप रिव्हाट्यूनर नावाच्या टूलने लावतो, फ्रेमटाइमची (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची) रेघ सरळ दिसते. ज्यांना ६० जमतच नाही त्यांनी ३० ला बांधून रेकॉर्डिंगही ३० ला करा, ४५-५० ला खेळून ६० ला रेकॉर्ड केलं तर काही फ्रेम डबल होतात आणि कॅमेरा फिरवला की डोळ्याला खुपतं.

एक्स२६४ (सीपीयूवर चालणारा एन्कोडर) पण परत लावून बघितलं, कारण त्याच बिटरेटला त्याची क्वालिटी चांगली असते असं सगळे सांगतात, आणि स्लो प्रीसेटला असतेही. पण हिशोब बघा, १०८०पीची एक फ्रेम एनव्ही१२ या कलर फॉरमॅटमध्ये साधारण ३१ लाख बाइट, ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला १८६ एमबीच्या आसपास माल जीपीयूतून रॅममध्ये आणायचा आणि मग चार कोअरच्या सीपीयूने तो दाबायचा, जो गेमलाही तेव्हाच हवाय. शिवाय लॅपटॉपमध्ये सीपीयू-जीपीयूची हीटपाइप एकच, एक तापला की दुसऱ्याचाही क्लॉक पडतो. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, अशात एक्स२६४ चालवणं म्हणजे लॅपटॉपचा छळ. माझ्यासाठी तो विषय बंद.

हां, १६५० च्या एनव्हेंकला नावं ठेवतात ते उगाच नाही. या चिपमध्ये ट्युरिंगचा नवा एन्कोडर नाही, त्याआधीच्या व्होल्टा पिढीचा आहे, नवा हवा तर १६५० सुपर लागतो. पण स्ट्रीमिंग करत नसाल तर फरक पडत नाही, डिस्कवरच लिहायचं तर बिटरेट मोकळा सोडा. मी सीक्यूपी २० ठेवलंय (या मोडमध्ये क्वालिटी ठरलेली, बिटरेट गरजेप्रमाणे वर-खाली). गेममधल्या व्हेलेन प्रदेशात गवतात वारा सुटला की बिटरेट ६० एमबीपीएसच्या वर जातो, खानावळीत बसून ग्वेंट (गेममधले पत्ते) खेळलं की धाडकन खाली येतो. सरासरी ५० धरली तरी सेकंदाला ६ एमबीच, म्हणजे तासाला साधारण २२ जीबी. लिहायच्या वेगाचा प्रश्न कुठल्याच हार्डडिस्कला नाही, प्रश्न तेव्हा येतो जेव्हा गेम त्याच फिरत्या डिस्कवरून वाचून राहिलाय अन् रेकॉर्डिंगही तिथेच लिहून राहिलंय. गेम एसएसडीवर, रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर, एवढं केलं की झालं.

एनव्हेंकचे लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्यूनिंग हे दोन्ही पर्याय बंद ठेवलेत, ते कूडावर (जीपीयूच्या मुख्य कोअर्सवर) चालतात म्हणजे परत जीपीयूच्याच ताटातलं खातात. ओबीएसचा प्रिव्ह्यूही बंद. आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, विंडोज १० (नवे अपडेट असलेलं) किंवा ११ वर त्याला जीपीयूची प्रायॉरिटी मिळते. साधी गोष्ट आहे पण रेंडरिंग लॅग बराच उतरतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक. ओबीएसमधलं गेम कॅप्चर (फक्त गेमचं चित्र घेणारा सोर्स) काळं दिसत असेल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला हाय परफॉर्मन्स द्या, कारण गेम आणि ओबीएस एकाच जीपीयूवर पाहिजेत. डिस्प्ले कॅप्चर (पूर्ण स्क्रीन घेणारा) वापरत असाल तर बहुतेक हायब्रिड (दोन जीपीयूवाल्या) लॅपटॉपवर बरोब्बर उलटं, पॉवर सेव्हिंग, कारण स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते.

फाइल एमकेव्हीमध्येच, कारण गेम हँग होऊन सगळं बंद पडलं तरी तोवरचं रेकॉर्डिंग उघडतं, साधं एमपी४ असेल तर गेलंच समजा. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स (नुसता फाइलचा प्रकार बदलणं) केलं की एमपी४ तयार, री-एन्कोड काही नाही. लाइट गेली तर मात्र फाइल वाचते आणि एफपीएस मरतात, बॅटरीवर जीपीयूला पूर्ण पॉवर मिळतच नाही.

एनव्हिडियाचं स्वतःचं रेकॉर्डर शॅडोप्ले काहीजण सुचवतात. हलकं आहे यात वाद नाही, पण व्हेरिएबल (बदलत्या) फ्रेमरेटमध्ये लिहितं आणि लांब क्लिप एडिटिंगला घेतली की आवाज सरकायची भीती. पाच मिनिटांच्या क्लिपसाठी मस्त.

आवाजाचं काम अजून अर्धवट आहे. माइक वेगळ्या ट्रॅकवर घेतोय, गेम वेगळ्यावर, पण खोलीतला कूलर असा घरघरतो की आरएनएन नॉइज वाला फिल्टर लावला की कूलरसोबत माझ्या शब्दांची शेपटंही कापली जातात, म्हणून फिल्टर काढून माइक कच्चाच रेकॉर्ड करतोय आणि सफाई नंतर. पुढे इंटेलचं क्विक सिंक (इंटेल ग्राफिक्समधला एन्कोडर) बघायचंय, सीपीयूमधलं यूएचडी ६३० ग्राफिक्स नुसतं बसून आहे, पण त्याला फ्रेम पीसीआयईवरून (जीपीयू आणि सीपीयू जोडणाऱ्या वाटेवरून) पाठवाव्या लागतात तेव्हा फायदा किती उरेल शंका आहे. कोणी ९३००एच वर चालवलं असेल तर स्टॅट्सचे आकडे टाका बे.