येऊरच्या पाड्यावर पाहुणे म्हणून जाताना

ठाणेकर शहरालगतच्या येऊरच्या डोंगरावर बहुतेक दोनच वेळी जातात: पहाटे फिरायला आणि रात्री जेवायला. दिवसाउजेडी तिथल्या वारली कुटुंबांबरोबर जंगल बघता येतं, त्यांच्या चुलीवरचं जेवता येतं आणि त्याचे पैसे थेट त्यांच्या घरात जातात, हे फारसं कुणाला माहीत नाही. जूनच्या अखेरीस आमच्या सोसायटीतली मोजकी मंडळी अशी जाऊन आलो. तुम्ही जाणार असाल तर उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

जायचं कसं, ते सोपं आहे. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेहून येऊरची टीएमटी बस मिळते, नाहीतर उपवनपर्यंत रिक्षा. स्वतःची गाडी न्यायची असेल तर कमीत कमी न्या, कारण पाड्यावर गाडी लावायला जागा म्हणजे कुणाचं तरी अंगण किंवा खळं. पावसात रस्ता निसरडा असतो आणि धुकं उतरतं. निघतानाच परतीच्या बसची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा. अंधार पडायच्या आत खाली उतरायचंच, हे आम्हाला पाड्यावरच्यांनी आधी फोनवर दोनदा बजावलं होतं.

त्याचं कारण उघड आहे. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं वनपरिक्षेत्र. उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. २०१५ मध्ये कॅमेरे लावून इथे आणि शेजारच्या आरे परिसरात बिबट्यांची मोजदाद झाली तेव्हा ३५ बिबटे मिळाले होते. म्हणजे आपण ज्याला ‘पिकनिकचं ठिकाण’ म्हणतो ते बिबट्याचं घर आहे आणि वारली त्याचे शेजारी. आमच्याबरोबर चालणाऱ्या दादांनी नियम सांगितले ते साधे होते: एकटं मागे राहायचं नाही, लहान मुलांना मधे ठेवायचं, झाडोऱ्यात वाकून बसायचं नाही, खाल्लेलं काही टाकायचं नाही. उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

जंगलातली पायवाट वनखात्याच्या परवानगीशिवाय चालता येत नाही. ही परवानगी पाड्यावरच्या गटाने आमच्यासाठी आधीच काढून ठेवली होती. तुम्हीही त्यांनाच विचारा, ओळखपत्राची प्रत लागते. कुणी ‘चला, मागच्या वाटेने नेतो’ म्हणालं तर जाऊ नका. तुमच्यावर कारवाई होईल तशीच नेणाऱ्यावरही होईल, आणि त्याला पुन्हा त्याच वनरक्षकासमोर रोज वावरायचं असतं. धबधब्यांचा हट्टही धरू नये. पावसाळ्यात तिथे दर वर्षी माणसं बुडतात.

चालणं फार नाही, दोनेक तासांचं. पण दादा थांबत थांबत नेतात. कुडा, ऐन, मोह, पळस, एकेका झाडाचं काय कामाला येतं ते सांगत. कारवीच्या झुडपांपाशी ते बराच वेळ थांबले. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला, आता एकदम २०३२ मध्ये. आम्हाला फुलाचं कौतुक, त्यांना काठीचं. तिच्या काठ्या उभ्या करून, वरून शेण-माती लिंपून घराचा कुड होतो, आणि त्याच कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहिला जातो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शहरातल्या कॉफीच्या कपांवरही ती आली. ज्या काठीच्या भिंतीवर ती जन्मली ती भिंत मात्र आता फार थोड्या घरांना उरली आहे.

वाटेत वाघोबाचं ठाणं लागलं. शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. मुंबई, ठाणे आणि पालघर भागात वाघोबाची सुमारे १५० ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. दादांनी चपला बाजूला काढल्या, आम्हीही काढल्या. फोटो नको म्हणाले, म्हणून कुणी काढला नाही. का नको, असं विचारायचं नसतं. यजमान नको म्हणतो तिथे पाहुण्याने थांबावं.

खरी श्रीमंती मात्र स्वयंपाकात पाहिली. जूनमध्ये पहिल्या पावसासरशी शेवळं येतात, आणि आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरत आला होता तरी मावशींनी राखून ठेवली होती. जमिनीतून वर आलेला जांभळट कोंब. त्याची वरची पानं सोलली की आत दांडा, आणि त्या दांड्याच्या खालच्या बाजूला पिवळट कणीदार भाग. मावशी प्रत्येक शेवळ हातात फिरवून तो भाग नखाने खुडून बाजूला टाकत होत्या. “हे ऱ्हायलं तर घसा धरंल,” म्हणाल्या. मग बारीक चिरून तेलावर परतायची आणि त्यात काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा. काकडं म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी हिरवी रानफळं. ठाण्याच्या बाजारात शेवळांची जुडी विकायला बसलेली बाई शेजारी काकडांचा वाटा लावते तो त्यासाठीच. शेवळाची खाज तोडायला ती लागतातच. सोबत टाकळ्याची भाजी, उडदाचं घट्ट वरण, तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट. शाकाहारींसाठी वेगळी चूल मागू नका, ‘सुकट वाढू नका’ एवढं आधी सांगितलं की पुरे.

भाजी त्यांच्या बांधावरची आणि परसातली होती. तुम्ही हौसेने वाटेतलं काही उपटू नका. एक तर राष्ट्रीय उद्यान आहे, आणि दुसरं म्हणजे खाण्याच्या भाजीसारखीच दिसणारी विषारी झाडंही असतात.

जेवताना गप्पा हत्तींवर गेल्या. आमच्यातल्या एका वहिनींचं माहेर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचं. कर्नाटकातून २००२ मध्ये तिकडे हत्ती उतरले ते तिळारीच्या खोऱ्यात येतच राहिले. केळी, माड, भात, एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. दादांना हत्तीबद्दल केवढी उत्सुकता! किती येतात, हाकलता कसे, घरात शिरतात का. वहिनी म्हणाल्या, “डबे वाजवतो, फटाके लावतो, आणि सकाळी पंचनाम्याची वाट बघतो.” दादा म्हणाले, “आमचा बिबट्या बरा मग, कोंबडी नेतो नि जातो.” पण लगेच गंभीर झाले. बकरी नेली तर दाखला, अर्ज, खेपा हे त्यांनाही चुकलेलं नाही.

मला तिथे जे पटलं ते हेच. जनावराबरोबर जो राहतो, त्याचं नुकसान जो सोसतो, जंगल पाहायला येणाऱ्यांचा पैसा आधी त्याच्या हातात पडायला हवा, आणि काय दाखवायचं, काय नाही, हेही त्यानेच ठरवायला हवं. गडचिरोलीच्या कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमधले हत्ती गुजरातला न्यायचं घाटत होतं तेव्हा, २०२२ मध्ये, तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांना हत्ती आपले वाटले म्हणून. येऊरमध्ये उलटं झालं आहे. बंगले, पार्ट्या, रात्रीचे दिवे आणि डीजे यांतला पैसा पाड्यावर येतो तो भांडी घासण्याच्या मजुरीतून. दादांच्या पिढीजात घराच्या जमिनीचा दावा वन हक्क कायद्याखाली अजून लटकलेला आहे. कायदा २००६ चा.

म्हणून ठरवताना बंगलेवाल्या मध्यस्थाकडून ‘आदिवासी जेवणाचं पॅकेज’ घेऊ नका. शक्यतो पाड्यावर ओळख असलेल्या शिक्षकाकडून, निसर्गप्रेमी मंडळाकडून किंवा थेट भाजीवाल्या मावशींकडून नंबर मिळवा. निदान आठवडाभर आधी कळवा, कारण शेतीची कामं अंगावर असतात. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ते नाही म्हणतील आणि ते बरोबरच आहे. दर आधी विचारा, घासाघीस करू नका, रोख न्या. रेंजचा भरवसा नसल्याने ऑनलाइन पैसे अडकतात. दहाच्या वर माणसं नेऊ नका.

सोबत पाणी, डबल मोजे, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, पकड असलेले बूट. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. स्पीकर घरी ठेवा. मुलांना वाटायला चॉकलेटं नेऊ नका. आमच्यातल्या एका काकूंनी नेली, तर मावशींनी नम्रपणे परत केली, ‘पोरांना हात पसरायची सवय लागते’ म्हणून. द्यायचंच असेल तर चित्रं विकत घ्या. आम्ही कापडावरची दोन घेतली, काढणाऱ्या मुलीने मागे आपलं नाव लिहून दिलं.

शेवळांसाठी जूनचा पहिला-दुसरा आठवडा गाठा. कर्टुली हवी असतील तर श्रावणाच्या सुमारास जा. चालण्यासाठी सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा वाट कोरडी असते, भात झोडून झालेला असतो आणि यजमानांनाही बसून बोलायला सवड असते.